आधी कुठलं पुस्तक घेऊ?

रविवारी सकाळी शहाद्यात आम्ही दहाबारा जण पुस्तकं घेऊन बसतो. मुलं कॉलेजची असतात, एकदोघी डी.एड. झालेल्या, कधी कोणाची आई दारातच टेकते. या बैठकीत आणि बाहेरही मला फिरून फिरून तेच विचारलं जातं. ‘ताई, घर सोडून फिरलेल्या माणसाचं काही आहे का?’ ‘प्रेमाचं द्या, पण घरी कपाटावर ठेवता येईल असं.’ ‘आमच्या माणसांवर आमच्याच माणसानं लिहिलेलं मिळेल?’ आणि पालकांचा ठरलेला प्रश्न: ‘हे वाचून पोरगी बिघडणार तर नाही ना?’

भटकंती, प्रेम, स्वतःची ओळख आणि वयात येणं यांवर मराठीत भरपूर आणि उत्तम लिहिलं गेलंय. अडतं ते निवडताना आणि मिळवताना. नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकाला या दोन्ही गोष्टी कशा साधतील, ते इथे सांगते.

यादीच्या आधी तुमचा प्रश्न

‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्या मोबाइलवर फिरत असतात. त्यांतलं पहिलं पुस्तक आणायचं, वीस पानांत अडायचं आणि ‘मला वाचनाची आवडच नाही’ असं ठरवून टाकायचं, हे मी फार पाहिलंय. दोष तुमच्या आवडीचा नसतो. ते पुस्तक त्या दिवशी तुमचं नव्हतं, इतकंच.

म्हणून आधी एका कागदावर एकच वाक्य लिहा: सध्या रात्री झोप येईपर्यंत माझ्या डोक्यात काय घोळतं? गाव सोडून पुण्याला जायचंय, पण भीती वाटते. कोणीतरी आवडतंय, सांगता येत नाही. वर्गात आडनाव सांगितलं की लोकांची नजर बदलते. घरच्यांसारखं जगायचं नाही, मग कसं जगायचं ते कळत नाही. पुस्तक या वाक्यावरून निवडा.

घर सोडून निघालेल्यांसाठी

शिकायला बाहेर पडणार असाल, तर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) तुमच्या फार जवळची आहे. नेमाडे रावेर तालुक्यातल्या सांगवीचे, म्हणजे आपल्या खानदेशातले. त्यांचा पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात जातो, वसतिगृहात राहतो, मेसच्या हिशेबात अडकतो, परीक्षेत आपटतो, शेवटी गावी परततो. सुरुवातीचा तिरकस, पुन्हा पुन्हा ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणणारा सूर काहींना त्रासाचा वाटतो. तिथे थांबू नका. निदान धाकट्या बहिणीच्या मृत्यूपर्यंत वाचा. ती पानं वाचून आमच्या बैठकीतला एक मुलगा पुस्तक मिटून अर्धा तास गप्प बसला होता. पुढच्या रविवारी त्याने येऊन सांगितलं की, त्याने गावी बहिणीला फोन केला, काही काम नसताना.

पण घर सोडणं सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीच्या आसपास परततात. ज्यांचं बालपण अशा फडांवर गेलं, त्यांनी लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०) वाचावं. गाढवावर संसार लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबातल्या मुलाची ही आत्मकथा आहे आणि त्या हिंडण्यातच तो शाळा शिकतो. हौसेने केलेली भटकंती आणि पोटासाठी करावी लागणारी भटकंती यांतला फरक या पुस्तकाइतका स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेला नाही.

अक्कलकुवा किंवा अक्राणीच्या पाड्यावर नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकांना मी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) देते. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो आणि शिकवायला आलेला तोच हळूहळू शिकत जातो. पुस्तक छोटं आहे, दोन सुट्ट्यांत संपतं.

नर्मदेच्या आपल्या काठावरून

‘फिरण्याचं’ पुस्तक मागितलं की बहुतेक जण गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’चं नाव घेतात. ते बरोबरच आहे. गोनीदा तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घरातून पळाले, गाडगे महाराजांच्या सोबत राहिले, पुढे नर्मदेची परिक्रमा केली. त्या पायपिटीतून ही कादंबरी आली. परिक्रमेला निघालेला तरुण आणि वाटेत भेटलेली यशोदा यांची ही गोष्ट आहे. भटकंती, प्रेम आणि ‘मी कोण’ हे तिन्ही प्रश्न एकाच पुस्तकात हवे असतील, तर हेच घ्या.

फक्त एक गोष्ट मनाशी धरून वाचा. नर्मदा ही आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा आहे. परिक्रमेच्या मराठी पुस्तकांतून ‘शूलपाणीची झाडी’ येते आणि तिथे वाटसरूंना लुटणारे भिल्ल येतात. तो मुलूख म्हणजे अक्राणी-अक्कलकुव्याच्या वरचा आपला सातपुडा. मणिबेली, चिमलखेडी ही तिथलीच गावं. धडगावकडची एक विद्यार्थिनी असंच एक परिक्रमेचं पुस्तक परत करायला आली, तेव्हा तिने पानांत एसटीची तिकिटं खुणेसाठी ठेवली होती. चांदसैली घाटातून जाता-येता तिने ते वाचलं होतं. जिथे जिथे भिल्ल आले, तिथे तिथे एक तिकीट. मोजली तर अकरा भरली. ती म्हणाली, ‘ताई, यात आमची माणसं नुसती झाडामागून बाहेर येतात. त्यांच्या घरात कोणी जातच नाही.’

तिचं वाचन मला पटलं. म्हणून ते पुस्तक टाकून द्यावं असं मी म्हणणार नाही, तीही म्हणाली नाही. अशा पुस्तकांसाठी आता आम्ही एक रीत ठरवली आहे, ती तुम्हीही वापरून पाहा:

- वाटसरूने लिहिलेलं पुस्तक त्या काठावर राहणाऱ्याच्या लिखाणाला जोडून वाचा. ‘भ्रमणगाथा’ घेतलीत तर सोबत शहादा भागातल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा कवितासंग्रह घ्या.
- पुस्तकातल्या गावाला आज काय झालंय, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली आणि ती सगळी आपल्याच जिल्ह्यातली. गोनीदांनी पाहिलेला काठ बराचसा आता पाण्याखाली आहे.
- जे चुकीचं किंवा अपुरं वाटलं, ते वहीत लिहा, पान क्रमांकासह. नुसता राग दोन दिवसांत विरतो. पान क्रमांक टिकतो.

प्रेमाची पुस्तकं आणि घरच्यांची काळजी

वयात येण्यावरचं, सहज वाचता येणारं आणि तरीही खोल उतरणारं पुस्तक हवं असेल, तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ घ्या. आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि वर्गातली शिरोडकर. प्रेम म्हणजे काय हे कळायच्या आत ते होऊन जातं, त्याची ही गोष्ट. सिनेमा पाहिला असला, तरी पुस्तक वाचा. मुकुंदच्या डोक्यात जे चालतं, ते सिनेमात अर्धंसुद्धा मावलेलं नाही.

थोडी मोठी मुलं असतील, तर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९). दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, आणि त्यांतल्या हॅर्टाच्या प्रेमात पडलेला मराठी तरुण. पुस्तक लहानसंच आहे, पण वाचून झाल्यावर बराच काळ सोडत नाही.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) एकाच घरातल्या भावाची आणि बहिणीची आहे. दोघंही त्याच भाडेकरू मुलाच्या प्रेमात पडतात. पहिला भाग भावाचा, दुसरा बहिणीचा. ज्या मुलाला आपलं मन मुलींकडे ओढ घेत नाही हे कळलंय आणि जो हे कोणाशी बोलू शकत नाही, त्याच्यासाठी हे पुस्तक कपाटात असायलाच हवं. सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध हा गुन्हा नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला आहे. त्यामुळे ग्रंथपालांनीही हे पुस्तक मागणाऱ्याकडे वेगळ्या नजरेने पाहू नये.

पालकांनो, आता तुमच्याशी. प्रेमाची कादंबरी वाचून मुलं प्रेमात पडत नाहीत. ती आधीच पडलेली असतात, आणि त्या गोंधळात पुस्तक हा सगळ्यांत कमी नुकसान करणारा सोबती असतो. तुम्हाला करता येण्यासारखं इतकंच:

1. पुस्तक काढून घेण्याआधी स्वतः वाचा, निदान पहिली पन्नास पानं.
2. नववी-दहावीपर्यंत ‘शाळा’ आणि प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथा (त्यांच्याविषयी पुढे सांगते), अकरावीपासून ‘रणांगण’ आणि ‘कोसला’, त्यानंतर बाकीची. ही माझी विभागणी आहे. तुमचं मूल तुम्ही जास्त ओळखता.
3. ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. ‘तुला त्यातलं कोण आवडलं?’ असं विचारा. मूल आपणहून बोलायला लागतं.

प्रेमाच्या बाबतीत आपल्या भागाला बाहेरच्यांनी एक खोटी ओळख चिकटवली आहे. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार म्हणजे मुलंमुली पळून जाण्याचा बाजार, असं वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं छापून येतं. तो सणाच्या खरेदीचा, नातेवाइकांना भेटण्याचा, ढोलाचा बाजार आहे आणि आदिवासी समाजाने या वर्णनाला वारंवार हरकत घेतली आहे. एखाद्या कथेत किंवा प्रवासवर्णनात भोंगऱ्या तसा रंगवलेला दिसला, तर लिहिणारा त्या बाजारात किती वेळ थांबला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आपल्या माणसांची पुस्तकं

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एकाच बाकाचा एक भाग या राज्यात, दुसरा त्या राज्यात. आपली खूप मुलं तशीच बसलेली असतात. घरात भिली, पावरी, मावची, गुजरी किंवा अहिराणी, शाळेत मराठी, कामाला गेलं की गुजराती आणि फॉर्मवर इंग्रजी. ‘मी नक्की कुठला?’ हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागत नाही.

त्यांच्यासाठी ‘गोधड’पासून सुरुवात करा. वाहरू सोनवणे श्रमिक संघटनेच्या चळवळीतून आले, त्यांनी भिली आणि मराठी दोन्हींत लिहिलं. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासींचं दुःख आदिवासींनाच मंचावरून ऐकवणाऱ्यांविषयी आहे. छोटीशी आहे. एकदा स्वतः वाचा, मग कोणाला तरी वाचून दाखवा.

नजूबाई गावित यांची ‘तृष्णा’ ही आत्मकथनपर कादंबरी धुळे-नंदुरबारच्या आदिवासी मुलुखातली. मुलींनी ती जरूर वाचावी, कारण भटकंती आणि वयात येणं यांवरची बहुतेक गाजलेली पुस्तकं मुलग्यांची आहेत. मुलीने घराबाहेर पाऊल टाकलं की तिची गोष्ट वेगळ्या रस्त्याने जाते, हे ‘तृष्णा’त आणि उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) नीट कळतं. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) नावापाशीच थांबवतं: मधलं नाव वडिलांचं नाही, आईचं आहे. ते का, हे वाचायला सुरुवात केलीत की पुस्तक खाली ठेववत नाही.

घरची भाषा मराठी नसेल तर

‘आमची मराठी कच्ची आहे’ असं मान खाली घालून सांगणाऱ्यांना मी आधी प्रकाश नारायण संत यांचा लंपन देते. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही त्या मालिकेतली चार पुस्तकं. बेळगावकडचा हा मुलगा कानडी मिसळलेल्या मराठीत बोलतो, विचारही तसाच करतो, आणि त्याच भाषेत ती पुस्तकं थोर झाली आहेत. एका वेळी एकच कथा वाचा, कादंबरीसारखं सलग वाचायची गरज नाही.

अडलेला शब्द लगेच शोधत बसू नका. पान पुरं करा. तोच शब्द तिसऱ्यांदा आला की मग पाहा. आणि आवडलेली एखादी गोष्ट रात्री घरच्यांना तुमच्या बोलीत सांगा. मला तरी याहून चांगला अभ्यास माहीत नाही. सांगताना मराठी शब्द आपसूक पक्के होतात, आणि आजी मध्येच थांबवून तिची गोष्ट सुरू करते, ती वेगळीच.

पुस्तक मिळवायचं कुठून

1. गावातलं किंवा तालुक्यातलं सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना शासनाचं अनुदान मिळतं. तुमच्या जवळ कुठलं आहे, ते नंदुरबारच्या जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारा.
2. सभासद होताना वर्गणी वेगळी आणि अनामत वेगळी, हे लक्षात ठेवा. दोन्हींची पावती घ्या. अनामत सभासदत्व सोडताना परत मिळते, पावती हरवली की मात्र वाद होतो.
3. पुस्तक नसेल तर मागणी लेखी द्या. ‘चांगल्या कादंबऱ्या आणा’ असं मोघम लिहू नका. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि खाली पाच वाचकांच्या सह्या. आपल्याकडच्या अभ्यासिका पोलीस भरती आणि एमपीएससीच्या पुस्तकांनी भरलेल्या असतात, कारण लेखी मागणी त्यांचीच येते.
4. कॉलेजचं ग्रंथालय. माजी विद्यार्थ्यांना पुस्तक घरी नेता आलं नाही, तरी तिथे बसून वाचायची परवानगी पुष्कळदा मिळते. प्राचार्यांच्या नावे अर्ज करा.
5. मोबाइल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर मंडळाची कित्येक पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. धडगावकडे रेंजचा भरवसा नाही, म्हणून तालुक्याला आलात की फाइल उतरवून ठेवा.
6. चौघांत चार पुस्तकं. चार मित्रांनी चार वेगळी पुस्तकं विकत घ्यायची आणि दर महिन्याला फिरवायची. पहिल्या पानावर चौघांची नावं लिहा.

तुमचे हक्क

- शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टानुसार पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असायला हवं, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींची पुस्तकंसुद्धा. पुस्तकांची पेटी कुलपात असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा. अनुदानित आणि शासकीय शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला.
- शासकीय आश्रमशाळेत पुस्तकं आली किती आणि वाटली किती, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज शाळेच्या जागेप्रमाणे नंदुरबारच्या किंवा तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात द्या.
- दृष्टिहीन किंवा छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या व्यक्तीसाठी पुस्तकाची ब्रेल वा ध्वनिप्रत करायला कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ती सवलत दिली आहे.
- विकत घेतलेल्या प्रतीत पानं कोरी किंवा उलटी निघाली, तर दुकानदाराने ती बदलून द्यायला हवी. टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फसगत होते ती इथे

फुटपाथवर निम्म्या किमतीत मिळणारी गाजलेली कादंबरी हातात घेऊन आधी मधली पानं पाहा. शाई पुसट, समास वाकडा आणि कागद पारदर्शक असेल, तर ती चोरून छापलेली प्रत आहे आणि तिच्यात पानं गायब असण्याची शक्यता मोठी. तेच पीडीएफचं. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि साने गुरुजींचं लिखाण तुम्ही बिनदिक्कत उतरवून घ्या आणि ग्रुपवर पाठवा. ‘कोसला’ किंवा ‘शाळा’ मात्र तशी पाठवणं बेकायदा आहे.

मोबाइलवर लेखकाच्या फोटोखाली फिरणारी प्रेमाची वाक्यं पुष्कळदा त्या लेखकाची नसतात. वाक्य आवडलं म्हणून पुस्तक मागवण्याआधी ते त्या पुस्तकात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा.

वाचताना मन ढवळून निघालं तर

ही पुस्तकं जखमेवरची खपली काढू शकतात. चार दिवस झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि विश्वासातल्या माणसाशी बोला. तसं कोणी नसेल, तर टेली-मानस १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. वाचता वाचता एखादी मुलगी सांगू लागते की घरी तिच्या लग्नाचं बघतायत आणि तिला १८ पूर्ण व्हायचीत. तिला पुस्तक सुचवू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लावून द्या आणि ती बोलेपर्यंत शेजारी बसा.

येत्या आठवड्यात एवढं करा

सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य खिशात घेऊन ग्रंथालयात जा. कपाटासमोर उभं राहून तीन पुस्तकं काढा, प्रत्येकाची पहिली चार पानं तिथेच वाचा आणि ज्याचं पाचवं पान उलटावंसं वाटेल, ते घरी न्या. तिन्ही परत ठेवावीशी वाटली तर काहीच बिघडलेलं नाही, मागणीचा अर्ज भरा. ‘तृष्णा’ आणि ‘गोधड’ची मागणी तर कराच. ही दोन पुस्तकं आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रंथालयात नसतील, तर ती मागण्याचा पहिला मान तुमचा.